‘मोर्शी’ ते मोडशी: प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट २०२४
कामाची हद्द आज पक्की केली. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपीयांनी छापलेल्या औषधी-वनस्पतींच्या ग्रंथांत मराठी मुलखातले शब्द कुठे, कोणत्या रूपात आणि कोणाच्या तोंडून पोचले, एवढंच शोधायचं. मुख्य आधार दोन. पहिला म्हणजे गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ, १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापलेला. दुसरा म्हणजे डच सेनानी हेन्ड्रिक फान रेडेचा ‘होर्तुस मलबारिकुस’, बारा खंड, आम्स्टरडॅम, १६७८ ते १६९३.

हे काम मराठवाड्यात बसून का? ओर्ता १५३४ मध्ये गोव्याला आला आणि पुढे अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य व स्नेही झाला. या निजामशाहीचं मूळ घराणं पाथरीचं, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातलं, असं फारसी इतिहासकार फेरिश्ता लिहितो. पाथरीसाठी निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही यांच्यात लढाया झाल्या. परांडा, दौलताबाद ही ठाणीही याच राज्याची. ओर्ताच्या ‘बालागाते’तला, म्हणजे सह्याद्रीवरच्या देशातला, बराच भाग आपला आहे. गोव्याच्या बाजूने या ग्रंथावर पुष्कळ लिहिलं गेलंय, घाटावरच्या बाजूने फार थोडं.

९ ऑगस्ट
कोणती आवृत्ती उघडायची, यावरच निम्मं काम अवलंबून आहे. क्रम असा: १५६३ ची मूळ गोवा-प्रत, १५६७ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पला काढलेला लॅटिन संक्षेप, १८९१-९५ ची फिकाल्योची दोन खंडांतली पोर्तुगीज आवृत्ती, तिच्यावरून १९१३ चं मार्कहॅमचं इंग्रजी भाषांतर.

इंग्रजीवरून नोंद घेतली की शब्दाचं स्पेलिंग आधीच धुऊन निघालेलं असतं. लॅटिनवरून घेतली तर त्याहून मोठं नुकसान होतं, कारण क्लुसियसने संवाद काढून टाकले आणि माहिती नव्याने मांडली. मूळ ग्रंथात ओर्ता आणि त्याने कल्पिलेला पाहुणा वैद्य रुआनो बोलत असतात, अंतोनिया नावाची दासी नमुने आणून देते, मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन उत्तरं देतो. संक्षेपात ही माणसं उरत नाहीत, उरतं फक्त ज्ञान. युरोपभर वाचला गेला तो संक्षेप. साम्राज्यात ज्ञानाचं काय होत होतं हे समजून घ्यायला हा एक फरक पुरेसा बोलका आहे. म्हणून नियम केला: शब्द घ्यायचा तो मूळ प्रतीच्या छायाचित्रावरून, आणि तो कोणाच्या तोंडी आहे याचा वेगळा रकाना ठेवायचा.

मूळ प्रतीतही छपाईच्या चुका भरपूर आहेत, मागे लांबलचक शुद्धिपत्र जोडलंय. शब्द उतरवला की शुद्धिपत्र तपासायचंच. शिवाय जुन्या छपाईतला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. संगणकाने अक्षरओळख करून दिलेला मजकूर इथे हमखास फसतो, तेव्हा त्याच्यावर शोध घ्यायचा तो पान सापडण्यापुरताच.

१४ ऑगस्ट
लिपीची किल्ली तयार केली. पोर्तुगीज कानाला आपला शब्द कसा ऐकू आला, याचे नियम ओर्ताच्याच शब्दांवरून:

‘एक्स’ म्हणजे श. ‘निजामोशा’ या रूपातला शहा ‘एक्स’ने लिहिलाय. इंग्रजी सवयीने ‘क्स’ वाचलं की शब्द हातचा गेला.

‘एच’चा उच्चार पोर्तुगीजमध्ये होत नाही, म्हणून आपला ह गळतो. हळदीला ओर्ता ‘अलाद’ म्हणतो, हिंगाला ‘इंगो’. हिंगाच्या स्पेलिंगमधला ‘एम’ म्हणजे केवळ अनुस्वार, स्वतंत्र म नव्हे.

महाप्राण (ख, फ, भ यांतला ह) उरत नाही. फणसाचं ‘पनाझ’ झालंय.

शेवटी ‘ओ’ लागतो. पारिजातकाचं ‘पारिझाताको’. हा ‘ओ’ पोर्तुगीज पुल्लिंगाचा की ऐकवणाऱ्याच्या बोलीतला, हे शब्दागणिक ठरवायचं, सरसकट काढून टाकायचा नाही.

‘पारिझाताको’मधल्या ‘झेड’वरून मोह होतो की सांगणाऱ्याने ज हा ‘जहाजा’तल्यासारखा उच्चारला असेल. पण ‘निजाम’लाही ‘झेड’च आहे आणि तिथे तो फारसीतून आलेला आहे. एका अक्षरावर अख्खं उच्चारशास्त्र उभं करायचं नाही. शेऱ्यात ‘शक्यता’ एवढंच लिहिलं.

२२ ऑगस्ट
आजचा दिवस एकाच शब्दाला, ओर्ताने नोंदवलेल्या एका रोगाच्या नावाला, दिला. ‘मोर्शी’. देवनागरीत हा शब्द टाकून शोधलं की अमरावती जिल्ह्यातला तालुकाच पुढे येतो. रोमन रूपात, वेगवेगळ्या स्पेलिंगांनी शोधावं लागतं.

ओर्ता सांगतो तो रोग असा: उलट्या, जुलाब, खोल गेलेले डोळे, नाडी मंद, गार घाम, जबर तहान, पायांत वांब. कोणी दहा तासांत जातं, कोणी चार दिवस काढतं. अरबी नाव तो ‘हाशाइझा’सारखं काहीसं देतो. तो हैजाच. मराठवाड्यात दख्खनी बोलणाऱ्या घरांत आजही हैजाच म्हणतात.

आणि देशी नाव ‘मोर्शी’. किल्ली लावली: ‘एक्स’चा श झाला, ‘आर’च्या जागी ड. पोर्तुगीजांकडे मूर्धन्य ड नाही, तो कधी र, कधी द, कधी दोन्ही मिळून लिहिला जातो. पुढच्या लेखकांनी याच शब्दाचं ‘मोर्देशी’ केलं, तेव्हा ड दोन अक्षरांत फुटला. तिथून फ्रेंच कानाने ‘मोर द शियाँ’ ऐकलं, म्हणजे ‘कुत्र्याचं मरण’, आणि युरोपात लोक या नावाची भयंकर कारणं शोधत बसले. शब्द मात्र आपली मोडशी. मोडणे या क्रियापदावरून आलेला, पोट मोडलं या अर्थाचा.

इथे एक गाठ काळजीने सोडवायला हवी. आज मोडशी म्हणजे अपचन, लेकराला जड काही खाऊ घातल्यावर होते ती. पटकी वेगळी. मग ओर्ताने चुकीचं नाव नोंदवलं का? नाही. तोही कारण अतिखाण्याचंच देतो. सांगणाऱ्याच्या मनात अपचनाच्या सौम्य आणि मारक अशा दोन्ही टोकांना एकच नाव असणं अगदी शक्य आहे. आजचा अर्थ मागे ढकलू नये. तसंच ‘ओर्ताने कॉलऱ्याचं वर्णन केलं’ असंही बेधडक लिहू नये. १८१७ पासून पसरलेली साथ आणि १५६३ मधली मोर्शी यांचा जंतू एकच होता, असं लक्षणांवरून सिद्ध होत नाही. तक्त्यात ‘रोगाचं वर्णन’ आणि ‘आजचं निदान’ असे दोन रकाने वेगळे केले, दुसरा रिकामा ठेवला.

उपचारात तो लिहितो की इथले वैद्य तांदळाचं पाणी मिरी-जिरं घालून पाजतात, त्याला ‘कांजे’ म्हणतात. म्हणजे आपली पेज, कांजी. द्रव सतत पोटात जात राहणं हीच या दुखण्यातली खरी गरज, तेव्हा हे वाक्य उतरवताना ‘देशी अंधश्रद्धा’ असा शिक्का कुठल्याही आवृत्तीच्या टीपेतून आपल्या नोंदीत शिरू द्यायचा नाही.

३ सप्टेंबर
तीन शब्द नेहमी फसवतात. ते तक्त्याच्या डोक्यावरच लिहून टाकले.

‘कानारीं’. हे कानडी लोक नव्हेत. पोर्तुगीज कागदांत गोवा-कोकणातल्या स्थानिकांना हे नाव आहे. हळदीवरून पडताळा मिळतो: ‘कानारीं’ तिला ‘अलाद’ म्हणतात असं ओर्ता लिहितो. कानडी माणसाने अरिशिन सांगितलं असतं. म्हणजे सांगणारा कोकणी-मराठी पट्ट्यातला.

‘बालागाते’. आज बालाघाट म्हटलं की बीड, धाराशिव, लातूरकडची डोंगररांग डोळ्यांपुढे येते. त्या काळचा ‘बालागाते’ म्हणजे सह्याद्रीवरचा सगळा देश. ओर्ताने बालागाते म्हटलं म्हणून नकाशावर मांजरसुंब्याला टाचणी टोचायची नाही. पहिल्या मसुद्यात नेमकी हीच चूक झाली होती, चार नोंदी परत घेतल्या.

‘इन्वेर्नु’. शब्दकोशात हिवाळा. पोर्तुगीज हिंदुस्थानात मात्र पावसाळा. मोर्शीचा जोर जून-जुलैत, ‘इन्वेर्नु’त असतो, असं तो म्हणतो तेव्हा महिने आणि ऋतू विसंगत वाटतात. विसंगती भाषांतरात आहे, मजकुरात नाही.

११ सप्टेंबर
पारिजातक बहरात आहे, म्हणून ओर्ताचं एक विधान हाताने तपासलं. फुलांच्या केशरी देठांनी केशराप्रमाणे अन्न रंगवतात, असं तो लिहितो.

रीत: पहाटे झाडाखाली ओलसर सुती कापड अंथरायचं, मातीत पडलेली फुलं घ्यायची नाहीत. पाकळ्या आणि देठ नखाने वेगळे करायचे. देठ सावलीत तीन दिवस वाळवले. ५ ग्रॅम वाळले देठ, २५० मिली गाळलेलं पाणी, मंद आचेवर २० मिनिटं, खळखळ उकळी येऊ द्यायची नाही. पाणी गर्द पिवळं-केशरी झालं. चमचाभर पाण्यात भिजवलेलं शीत स्वच्छ पिवळं निघालं. वास मात्र केशराचा अजिबात नाही.

कोऱ्या सुती पट्टीवर रंग चढवून तिचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला आणि पट्टी दक्षिणेच्या खिडकीत ठेवली. आठ दिवसांत उघडा भाग फिका पडला, झाकलेला तसाच राहिला. कारण सोपं आहे. या देठांतलं रंगद्रव्य केशरातल्याच क्रोसेटीन कुळातलं आहे, ते पाण्यात उतरतं आणि उजेडात तुटतं. वाळवताना एक घाणा चुकून उन्हात राहिला, त्याचं पाणी निम्म्याने फिकं आलं. म्हणजे ओर्ताचं विधान खरं, आणि ‘केशराप्रमाणे’ ही तुलना त्याला वाटलं असेल त्याहूनही जास्त खरी.

फान रेडेच्या पहिल्या खंडात हेच झाड ‘मंजा-पु-मेरम’ या मल्याळी नावाने आहे: पिवळं, फूल, झाड. फूल तर पांढरं. पिवळं म्हटलं ते देठामुळे. लॅटिनमध्ये ते ‘दुःखी झाड’ झालं आणि १७५३ मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसच्या नावात कायमचं बसलं. मल्याळी माणसाने रंग पाहिला, पोर्तुगीजाने सकाळी गळणारी फुलं पाहून कथा ऐकली. शास्त्रीय नावात कथा टिकली, रंग गेला.

१९ सप्टेंबर
निरगुडी. ओर्ताचं ‘नेगुंदो’ रूप लिनिअसच्या ‘व्हायटेक्स नेगुंडो’मध्ये जसंच्या तसं आहे. पैठण आणि अंबाजोगाईच्या बाजूला ओढ्याकाठी नमुने घेतले. ओळख: एका देठावर तीन किंवा पाच पानं, खालून राखट पांढुरकी, चुरगळली की उग्र वास, फुलं बारीक जांभळट. फांदी ३० सेंमी, फुलासकट, वर्तमानपत्राच्या घडीत दाबायची आणि कागद रोज बदलायचा. ओल्या हवेत एक दिवस चुकला की बुरशी धरते, आणि राखट पाठ काळी पडली की ओळखीची खूणच जाते.

विचारण्याची पद्धत फार महत्त्वाची. ‘मावशी, ह्याला निरगुडीच म्हणतात ना?’ असं विचारलं की उत्तर हो येणारच. फांदी पुढे धरून ‘ह्याला तुमच्यात काय म्हणता, कशाला वापरता?’ एवढंच विचारायचं आणि थांबायचं. सांधेदुखीला पाल्याचा शेक, धान्याच्या कणगीत किडीसाठी पाला, ही उत्तरं न सुचवता आली. ओर्ताने प्रश्न कसे विचारले हे आपल्याला त्याच्याच शब्दांत मिळतं, म्हणून आपले प्रश्नही नोंदीत जसेच्या तसे लिहायचे.

२७ सप्टेंबर
‘होर्तुस मलबारिकुस’. याच्या चित्रपट्ट्यांवर वनस्पतीचं नाव रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी लिप्यांत कोरलेलं आहे. पहिल्या खंडात तीन कोकणी वैद्यांची, रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट यांची, २० एप्रिल १६७५ ची नागरीतली साक्ष छापलेली आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचीही आहे. युरोपीय ग्रंथाने आपल्या माहितगारांची नावं, त्यांच्याच लिपीत, अशी पुढे ठेवावीत ही त्या काळची विरळ गोष्ट. अर्थात फान रेडेला मलबारची संपत्ती डच ईस्ट इंडिया कंपनीला पटवून द्यायची होती, साक्षी त्यासाठीच होत्या. हेतू व्यापाराचा, पण पुरावा आपल्या हाती आला.

वाचताना अडचण कोरणीची. आम्स्टरडॅमच्या कोरक्याने नागरी अक्षरं चित्र म्हणून उतरवलीत. शिरोरेषा मध्येच तुटते, त्यामुळे एक शब्द दोन वाटतो. घ-ध, भ-म, व-ब यांत भेद उरत नाही. उपाय: शेजारच्या मजकुरात त्याच नावाचं रोमन रूप ‘ब्राह्मणांच्या भाषेत’ म्हणून दिलेलं असतं, ते आधी वाचायचं, मग कोरीव अक्षरांकडे यायचं. चित्र ४०० डीपीआयपेक्षा कमी असेल तर तपासायला घेऊ नये.

आणि ही भाषा कोकणी आहे. मराठीशी जुळली की लगेच ‘मराठी शब्द’ असा रकाना भरायचा नाही. ‘कोकणी, मराठीत समान’ असा तिसरा पर्याय आज वाढवला.

८ ऑक्टोबर
तारखा. हा सगळ्यात रुक्ष आणि सगळ्यात जास्त चुका होणारा भाग.

पोर्तुगीजांनी नवं पंचांग १५८२ मध्ये घेतलं: ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. म्हणून ओर्ताच्या ग्रंथाचा १० एप्रिल हा जुना, आजच्या गणतीने २० एप्रिल. हॉलंड प्रांतही लवकर नव्या पंचांगावर गेला, तेव्हा फान रेडेच्या तारखा नव्या. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुन्यावर, आणि त्यांचं वर्ष २५ मार्चला सुरू. सतराव्या शतकात एकाच आठवड्यातली डच आणि इंग्रज पत्रं दहा दिवस दूर दिसतात. जानेवारी ते मार्चच्या इंग्रज पत्राला तर एक अख्खं वर्ष कमी लागलेलं असतं.

शुहूर सन (मराठी कागदांतला, मृगाला सुरू होणारा, अरबी शब्दांत लिहिलेला सन): मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारी ते मृग ६००. दख्खनी फसली (महसुलासाठीचा सन): शुहूरपेक्षा ९ ने पुढे. शब्दांत लिहिलेला सन मोडीतून वाचताना सबा (७) आणि सबैन (७०), समान (८) आणि समानीन (८०), सित (६) आणि सितैन (६०) यांची अदलाबदल होते. एकक आधी, मग दशक, मग शतक, शेवटी अलफ (हजार), हा क्रम लक्षात ठेवला की जागेवरूनच चूक पकडता येते.

हिजरी: वर्षाला ०.९७०२२४ ने गुणा, ६२१.५७ मिळवा. उत्तर येतं ते हिजरी वर्षाच्या सुरुवातीचं. पडताळा विजापूरच्या मलिक-ए-मैदान तोफेवर केला. ही तोफ अहमदनगरला महंमद बिन हुसेन रूमीने ओतली, बरीच वर्षं परांड्याच्या किल्ल्यावर होती, १६३२ मध्ये विजापूरला नेली. ओतल्याचं साल ९५६: सूत्राने १५४९.१०, म्हणजे १५४९. बरोबर. तिच्यावरच औरंगजेबाच्या विजयाचं साल १०९७ आहे: सूत्राने १६८५.९१. पण विजापूर पडलं सप्टेंबर १६८६ मध्ये. १०९७ हे वर्ष नोव्हेंबर १६८५ ला सुरू होऊन नोव्हेंबर १६८६ पर्यंत चाललं. म्हणून महिना नसेल तेव्हा ‘१६८५-८६’ असंच लिहायचं. दशांश काढून टाकून एकच साल ठोकलं की चूक ठरलेली.

१७ ऑक्टोबर
परांडा. बुऱ्हाण निजामशहाच्या दरबाराची पार्श्वभूमी लिहिताना फेरिश्ताचा एक प्रसंग मध्यभागी ठेवायचं ठरलं. इराणातून आलेला शाह ताहिर आधी परांड्याला किल्लेदाराच्या आश्रयाला होता. निजामशहाचा गुरू पीर महंमद कामानिमित्त तिथे गेला आणि त्याच्याकडे टॉलेमीचा ‘अल्माजेस्त’ शिकायला राहून गेला. परत येऊन त्याने शहाला सांगितलं, आणि ९२८ हिजरीत (१५२१-२२) शाह ताहिर अहमदनगरला आला.

म्हणजे ग्रहगणिताचा त्या जगातला सर्वांत कठीण ग्रंथ आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका भुईकोटात शिकवला जात होता. याच बुऱ्हाणासाठी रुस्तम जुर्जानीने फारसीत औषधींचा ‘जखीरा-ए-निजामशाही’ लिहिला. याच बुऱ्हाणाच्या कारकिर्दीत रूमी ओतारी तोफ ओतत होता. आणि याच दरबारात ओर्ता ये-जा करत होता. विज्ञान युरोपातून जहाजाने आलं आणि दख्खनने ते घेतलं, असं चित्र या चार माणसांपुढे टिकत नाही. ओर्ता अज्ञानी मुलखात आला नव्हता, गजबजलेल्या दरबारात आला होता, आणि त्याच्या ग्रंथातला आत्मविश्वास निम्मा या संगतीतून आलाय, असं माझं ठाम मत झालंय.

२६ ऑक्टोबर
फारसी नावांतल्या चुका एकत्र केल्या. बीड फारसीत ‘बीर’ लिहितात: बे, ये, रे. बिदर: बे, ये, दाल, रे. वऱ्हाड म्हणजे बरार: बे, रे, अलिफ, रे. घाईच्या हस्ताक्षरात नुक्ते (अक्षरांचे ठिपके) गळतात, दाल आणि रे सारखेच वळतात. मग बीडची वसुली बिदरच्या खात्यावर जाते. अक्षर पाहत बसण्यापेक्षा वाक्यातली शेजारची गावं पाहायची. सोबत धारूर असेल तर बीड, उदगीर असेल तर बिदर, गाविलगड असेल तर वऱ्हाड. पोर्तुगीज नोंदींत बिदरची बरीदशाही ‘वेरिदो’ होते, तिथे ब-वचा घोळ आणखी मिसळतो.

६ नोव्हेंबर
घराण्यांकडचे मोडी कागद हाताळण्याची सूचना तयार केली, कारण पुढच्या टप्प्यात वैद्यकीच्या वह्या येणार आहेत. आपली शाई काजळाची. ती कागद खात नाही, पण पाण्याने पसरते. ओल्या बोटाने पान उलटायचं नाही, ओला कापूस तर लांबच. युरोपीय शाई लोह आणि माजूफळाची. ती पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण आम्लाने कागद जाळते आणि अक्षराच्या जागी जाळी पडते. अशा कागदाची घडी उलगडली तर ओळीच गळून पडतात. तेव्हा काजळी कागदाला ओलीपासून जपायचं, लोहशाईच्या कागदाला वाकवण्यापासून.

फोटो खिडकीच्या आडव्या उजेडात, फ्लॅश नाही. रुमाल (कागद बांधलेलं दफ्तर) सोडताना गाठ कशी होती, कागद कोणत्या क्रमाने होते, याचा फोटो सर्वांत आधी. क्रम एकदा मोडला की पुन्हा लावता येत नाही.

१४ नोव्हेंबर
तक्ता फेरतपासला. प्रत्येक शब्दाला तीन कसोट्या: किल्लीने उच्चार जुळतो का, वर्णनावरून वनस्पती किंवा रोग जुळतो का, सांगणारा कुठला हे मजकुरात आहे का. तिन्ही जुळल्या तर क, दोन जुळल्या तर ख, एकच असेल तर ग. हळद, फणस, पारिजातक क मध्ये. मोडशी उच्चाराने पक्की, पण आजच्या अर्थाशी पूर्ण जुळत नाही, म्हणून तूर्त ख. निरगुडीच्या नोंदीत सांगणारा अजून पक्का धरता आलेला नाही, तीही ख. नुसत्या ध्वनिसाम्यावर आत आलेल्या नोंदी आज ग मध्ये उतरवल्या. त्यांतल्या दोन फार आवडत्या होत्या.

पुढचं काम: मालुपाच्या तोंडची सगळी वाक्यं मूळ प्रतीवरून वेगळी उतरवायची, प्रत्येक शब्दाशेजारी पान आणि ओळ.